मोजेल खोऱ्यातली घरगुती वाइन-बाग आईबाबांना दाखवायची आहे – मदत हवी आहे

माइनकाठी
आईबाबा ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आमच्याकडे फ्रँकफुर्टला आहेत. बाबांची निफाडला थॉमसन द्राक्षाची बाग आहे, त्यामुळे त्यांना किल्ले-राजवाड्यांपेक्षा इथली द्राक्षबाग बघण्यात जास्त रस. जर्मनीतल्या मोजेल नदीकाठची एखादी लहान, घरच्याच माणसांनी चालवलेली बाग हवी. बसगाड्या भरून पर्यटक येतात तसली नको. कधी जावं? आधी कळवावं लागतं का? गाडी न्यावी की रेल्वे? आई शाकाहारी आहे आणि वाइन घेत नाही.

पाटीचा दगड
सप्टेंबरचा पहिला आठवडा धरा. रीसलिंगच्या (इथली पांढऱ्या वाइनची द्राक्षजात) मण्यात साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धात पाणी उतरतं, म्हणजे तो मऊ पडून पिकायला लागतो, आणि तोड सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होते, म्हणजे बाबांना वेलीवर घड दिसतील आणि मालकालाही बोलायला सवड असेल. एकदा तोड लागली की घरातलं माणूस न् माणूस एकतर उतारावर नाहीतर रस काढायच्या प्रेसपाशी. ऑक्टोबरात गेलात तर दार उघडेल, पण गप्पा विसरा. शनिवार-रविवार टाळा; बर्नकास्टेल-कूसचा मोठा वाइनउत्सवही सप्टेंबरच्या सुरुवातीलाच असतो, तेव्हा आसपास खोली मिळत नाही.

'नाख फेराइनबारुंग' (आधी ठरवून) अशी पाटी असेल तर वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका. आठ-दहा दिवस आधी मेल करा: माणसं किती, तारीख, वेळ (दुपारी 12 ते 2 सोडून), इंग्रजी चालेल का, चव घेण्याचे पैसे किती आणि बाटल्या घेतल्या तर ते वळते होतात का. आणि एक वाक्य ठळक लिहा: वडील भारतात द्राक्षबागायतदार आहेत, त्यांना बाग बघायची आहे. हे लिहिलं नाही तर सरळ टेबलाशी बसवून सहा ग्लास पुढे ठेवतात आणि तासाभरात तुम्ही बाहेर.

ऑक्टोबर छाटणी
बाबांना काय दाखवायचं ते सांगतो.

आपल्याकडे वेल चढवायला असतो तसा मांडव किंवा वाय आकाराचा आधार शोधत बसू नका. जुन्या उभ्या उतारांवर एका वेलीला एक खांब, आणि दोन काड्या वाकवून बदामाच्या पत्त्यासारख्या बांधलेल्या. तारा नसल्यामुळे माणूस उतारावर आडवाही फिरू शकतो. सरळ वर चढत राहिलं तर दम निघतो. नव्या बागांत मात्र तारा दिसतील. आपल्याकडच्यासारख्या वर्षात खरड आणि फळ अशा दोन छाटण्या इथे नाहीत. थंडीत वेल पूर्ण झोपते, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान एकदाच छाटणी, बस्स.

ही जागा 50 अंश अक्षांशाच्या आसपास आहे. तरी द्राक्ष पिकतं, कारण उतार दक्षिणेकडे तोंड करून असतात आणि पाटीचा काळा दगड दिवसा तापून रात्री ऊब सोडतो. सावकाश पिकल्यामुळे आंबटपणा टिकतो, आणि रीसलिंगची सगळी मजा त्यातच आहे. घात होतो तो कोंब फुटल्यावर एप्रिलअखेर पारा शून्याखाली गेला की. 2024 मध्ये मोजेलला तेच झालं. डावणी-भुरी हे बुरशीचे रोग इथेही आहेतच, पण उतारावर फवारणीचा ब्लोअर चढत नाही म्हणून हेलिकॉप्टरने किंवा ड्रोनने फवारतात. बाबांनी फवारणीचा विषय काढला की मालक खुलतो, मग भाषेची अडचण राहत नाही.

साखर इथे 'उश्ले'मध्ये मोजतात. आपल्याकडच्या साखरेच्या मापातले 20 ब्रिक्स म्हणजे सुमारे 83 उश्ले. मणी बारीक आणि बियांचे असतात, तेव्हा "ही काय साइज!" ऐकायची तयारी ठेवा. इथे साइज कोणाला नकोच असते. मणी लहान तितकं रसाच्या मानाने साल जास्त. विचारल्याशिवाय मणी तोडू नका. बूट खाचांचे हवेत, पाटीचे तुकडे पायाखालून सरकतात.

तिसरा फलाट
रेल्वेच. कोब्लेन्झला आणि बुलायला गाडी बदलून ट्राबेन-ट्रारबाख. साडेतीन तास धरा. डॉइचलंड-टिकिट (लोकल-प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) चालतं. बर्नकास्टेलला रेल्वे नाही, पुढे बस.

गाडी नेलीतच तर हिशोब बघा: 50 मिलीचे सहा घोट म्हणजे 300 मिली, 11.5 टक्क्यांनी साधारण 27 ग्रॅम अल्कोहोल. 65 किलोच्या माणसाला रक्तातल्या अल्कोहोलची 0.5 प्रति हजारची मर्यादा गाठायला तेवढं पुरतं. परवाना मिळून दोन वर्षं झाली नसतील किंवा वय 21 च्या आत असेल तर मर्यादा शून्य. थुंकायचं भांडं टेबलावर असतंच, वापरलं तर कोणी वाईट मानत नाही.

सवय नसलेल्याने लेबलवरचा टक्का बघावा. 8 च्या आसपास म्हणजे गोड, 12 म्हणजे बहुधा 'ट्रोकन' (गोड नसलेली), लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर. बाबांना आधी ट्रोकन, गोड शेवटी. उलट केलंत तर ट्रोकन नुसती आंबट लागेल.

माइनकाठी
खूप उपयोग झाला, धन्यवाद मंडळी! आईच्या खाण्याचं आणि भारतात बाटल्या नेण्याचंही कोणी सांगेल का?

पाटीचा दगड
आईंसाठी 'ट्राउबनझाफ्ट' (द्राक्षाचा रस) मागा. बऱ्याच घरी स्वतःच्याच द्राक्षांचा रस असतो. वाइन नितळ करायला काही जण जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, काही फक्त बेंटोनाइट माती. तेव्हा शाकाहारी नातेवाइकांना बाटली द्यायची असेल तर 'वेगन' लिहिलंय का बघा, नाहीतर सरळ विचारा. खायला चीज-पाव मिळेल. फ्लामकुखनवर (पातळ भाजलेली पोळी) बेकन असतो, 'ओने श्पेक', म्हणजे बेकनशिवाय, म्हणून सांगा.

भारतात प्रौढ माणशी 2 लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीत की शुल्क. बाटल्या हातसामानात चालतीलच याची खात्री नाही, चेक-इनच्या बॅगेत मधोमध कपड्यांत गुंडाळा. मोजेलची बाटली उंच आणि निमुळती असते, मानेपाशी तडकते. पायातला मोजा मानेवरच चढवा. रोख पैसे जवळ असू द्या, लहान घरी क्रेडिट कार्ड चालेलच असं नाही.