फक्त ‘कऱ्हाड’ आलं की की-एरर, बाकी सगळी गावं चालतात

भाडेपावती

नमस्कार मंडळी. साताऱ्यात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी हिशेब बघते. कोडिंगशी माझा संबंध नव्हता, पण महिनाअखेरीला एक्सेल उघडून एकेका पावतीला गावाप्रमाणे भाडं लावत बसायचा वीट आला, म्हणून पायथन शिकायला घेतलं. (मोबाइलवरून लिहितेय, त्यामुळे कोड मराठी अक्षरांतच लिहिते, सांभाळून घ्या.)

काम साधं आहे. शाखेतून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) येते: पावती नंबर, पार्टी, गाव, नग. प्रोग्रॅममध्ये ‘दर’ नावाची डिक्शनरी आहे, गाव आणि त्यापुढे नगाचं भाडं. एकेक ओळ वाचायची, गावावरून दर काढायचा, नगाने गुणायचा, पार्टीच्या खात्यात टाकायचा.

आधी तर प्रोग्रॅम सुरूच होईना. नोट्स वर्डमध्ये होत्या, तिथून कोड उचलला तर अवतरणचिन्हं वळणदार आली आणि पायथन पहिल्याच ओळीला ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणून अडून बसला. ती पुसून कीबोर्डवरून साधी टाकली. मग ३ नगांना ४० च्या दराने गुणलं तर उत्तरात ३ हा आकडा चाळीस वेळा छापून आला! फाइलमधून आलेला ३ हा आकडा नसून मजकूर असतो हे तेव्हा कळलं. मजकुराचा आकडा करणारं इंट लावलं, सुटलं.

आता वाई, उंब्रज, फलटण, कोरेगाव, पाटण, सगळं चोख. कऱ्हाडची पावती आली की मात्र प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. की-एरर, म्हणजे ‘हे नाव डिक्शनरीत नाही’. अहो, डिक्शनरीत कऱ्हाड आहे! दोन्हीकडचं अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, काडीचा फरक नाही. आमचा निम्मा माल कऱ्हाडलाच उतरतो, त्यामुळे ते वगळताही येत नाही. पायथन काढून परत इन्स्टॉल करून झालं. आता काय करू?

रात्रपाळी

ताई, शंभरातल्या नव्वद वेळा हा स्पेसचा घोळ असतो. फाइलमध्ये ‘कऱ्हाड’ च्या पुढे रिकामी जागा असेल, ती डोळ्यांना दिसत नाही. गाव वाचल्यावर डॉट स्ट्रिप लावून बघा, ते दोन्ही टोकांच्या स्पेस काढतं. आणि घाई असेल तर चौकटी कंसाऐवजी दर.गेट(गाव, ०) लिहा. एरर येणारच नाही.

जुना_डीटीपीवाला

स्ट्रिप जरूर लावा. ते गेट-शून्य मात्र अजिबात नको. एरर येणार नाही हे खरं, पण कऱ्हाडच्या प्रत्येक पावतीला भाडं शून्य लागेल, बेरीज निमूटपणे कमी येईल आणि बिलं पार्टीच्या हातात पडल्यावर मालक तुम्हाला बोलावतील. बंद पडलेला प्रोग्रॅम निदान कुठे बंद पडला ते सांगतो. काम मध्येच थांबायला नको असेल तर न सापडलेली गावं एका वेगळ्या यादीत जमा करा आणि शेवटी ती यादी ठळक छापा.

आता मुद्द्याचं. ‘की-एरर येते’ एवढ्यावर कोणी काही सांगू शकणार नाही. एररच्या अगदी शेवटच्या ओळीत, की-एररच्या पुढे अवतरणात नेमकं काय छापलंय ते जसंच्या तसं लिहा. पायथनची एरर खालून वर वाचायची असते. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वर कुठल्या ओळीत झालं ते. आणि इन्स्टॉल परत करू नका. बाकीची गावं चालतायत म्हणजे पायथन धडधाकट आहे.

भाडेपावती

स्ट्रिप लावलं, फरक नाही. शेवटच्या ओळीत कऱ्हाड नीट दिसतच नाही हो. ‘कर्’ मग उलटी तिरकी रेघ, मग यू२००डी, मग ‘हाड’. यू आणि डी ही इंग्रजी अक्षरं. मला वाटलं फॉन्टचा कचरा आहे म्हणून आधी लिहिलं नाही. फाइल एक्सेलमध्ये उघडली की तिथे व्यवस्थित ‘कऱ्हाड’ दिसतं.

जुना_डीटीपीवाला

त्या कचऱ्यातच तुमचं उत्तर आहे, ताई.

यू२००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. रुंदी शून्य, त्यामुळे कागदावर काय आणि स्क्रीनवर काय, दिसत नाही. पण मजकुरात ते एक स्वतंत्र अक्षर म्हणून बसलेलं असतं. पायथन एररमध्ये असं न दिसणारं अक्षर त्याच्या नंबराने छापतो, म्हणून तुम्हाला ते दिसलं. स्ट्रिप ते काढणार नाही: एक तर ते शब्दाच्या मधोमध आहे आणि दुसरं म्हणजे ती स्पेस नाहीच.

आता ते तिथे आलं कसं? आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये (कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो नंबर देतो त्या पद्धतीत) दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक रस्ता: ऱ (नंबर ०९३१), हलन्त, पुढे ह. दुसरा: साधा र (०९३०), हलन्त, झिरो विड्थ जॉइनर, मग ह. हा दुसरा रस्ता युनिकोडच्या २.० आवृत्तीतला, १९९६ सालचा. जुना मजकूर बिघडू नये म्हणून तो अजून चालू ठेवलाय. फॉन्ट दोन्हींचं चित्र एकच काढतो, म्हणून एक्सेलमध्ये तुम्हाला काही वावगं दिसलं नाही. डिक्शनरी मात्र चित्र बघत नाही, नंबर बघते. तुम्ही दरपत्रकात पहिल्या रस्त्याने लिहिलंय, शाखेतला माणूस दुसऱ्या रस्त्याने टाइप करतोय किंवा त्याचा कीबोर्ड तसं उमटवतोय. वाई, फलटण, पाटणमध्ये हा र नाहीच, म्हणून ती सुटली.

खात्री करून घ्या. तुमच्या डिक्शनरीतल्या कऱ्हाडला लेन (अक्षरं मोजणारं फंक्शन) लावा, ६ येईल: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. फाइलमधल्याला लावा, ७ येईल.

सोपंकर

मग सोपं आहे की. फाइल वाचतानाच रिप्लेस लावून सगळे यू२००डी उडवून टाका. एका ओळीचं काम.

जुना_डीटीपीवाला

सोपंकर, करून बघा आणि काय छापून येतं ते सांगा. जॉइनर उडवला की उरतो र, हलन्त, ह. म्हणजे ह वर रफार: ‘कर्हाड’. डिक्शनरीशी तरीही जुळणार नाही, आणि बिलावर छापलं तर कऱ्हाडची माणसं बिल परत पाठवतील. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो तो असाच. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या दिवसांपासून मी या अर्ध्या र च्या मागे आहे, त्याला हात लावताना जपून.

ताई, असं करा. ‘साफ’ नावाचं एक छोटं फंक्शन लिहा, त्यात या क्रमाने तीन कामं:

आधी स्ट्रिप. मग रिप्लेस: ०९३०, ०९४डी (हलन्त), २००डी ही तिन्ही एकापाठोपाठ आली तर त्यांच्या जागी ०९३१, ०९४डी. आणि शेवटी युनिकोडडेटा मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातलं नॉर्मलाइज, एनएफसी पर्याय देऊन. या शेवटच्याचं कारण असं की र खाली नुक्ता देऊन ऱ लिहिणारेही भेटतात. एनएफसी त्या दोन तुकड्यांचा एक ऱ करतो.

रिप्लेसमध्ये अक्षरं टाइप करू नका, उलट्या रेघेने यू आणि नंबर असंच लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या जागी आलेला माणूस ती ओळ वाचेल, त्याला वाटेल ऱ् च्या जागी ऱ् घातलाय, काय हा येडेपणा, आणि तो ती पुसून टाकेल.

हे ‘साफ’ दोन्हीकडे लावायचं. फाइलमधून आलेल्या गावालाही आणि डिक्शनरी भरताना तिच्या गावांनाही. एकाच बाजूला लावलंत तर आज चालेल. पण उद्या दुसऱ्या कीबोर्डवरून दरपत्रकात ‘गोऱ्हे’ घातलंत की परत इथे याल.

शाखेतला माणूस इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असेल तर त्याला सांगा, शिफ्ट धरून जे दाबलं की सरळ ऱ मिळतो. पण त्याच्या भरवशावर राहू नका.

रात्रपाळी

काका, हे मला नवीन. गेट-शून्य मागे घेतो.

ताई, आणखी एक. ती फाइल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह होते ना? मग फाइलच्या अगदी सुरुवातीला अजून एक न दिसणारी खूण असते, बीओएम म्हणतात. ती पहिल्या मथळ्याला चिकटते. डिक्टरीडर (मथळ्याच्या नावाने कॉलम देणारं) वापरून ‘पावती नंबर’ हा कॉलम मागितलात तर परत की-एरर, आणि या वेळी एररमध्ये काहीच विचित्र दिसणार नाही, कारण एररमध्ये तुम्ही मागितलेलं नाव छापलं जातं, फाइलमधलं नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग नुसतं यूटीएफ-८ न देता यूटीएफ-८-एसआयजी द्या, ती खूण गळून पडते.

भाडेपावती

चाललं!! लेनचं अगदी तसंच, ६ आणि ७. ‘साफ’ दोन्हीकडे लावलं आणि कऱ्हाडच्या सगळ्या पावत्या सरळ गेल्या. एसआयजी पण केलं.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, एका शाखेतून नग देवनागरी आकड्यांत येतात, ते बदलून घ्यावे लागतील का? दुसरी, न सापडलेल्यांची वेगळी यादी पार्टीच्या नावांसाठीही केली. त्यात एकच नाव आलंय, एक ‘ॲग्रो’ वाली पार्टी. खातेयादीत ती आहे. या वेळी यू२००डी वगैरे काही दिसत नाही, नाव स्वच्छ दिसतंय.

जुना_डीटीपीवाला

आकड्यांचं काही करू नका. इंट हे देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं, ‘१२’ दिलं तर बाराच घेतं. प्रोग्रॅमच्या आत मात्र दर लिहिताना आकडे इंग्रजीच हवेत, तिथे देवनागरी १२ लिहिलंत की ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’.

ॲग्रोचं दुखणं त्याच घराण्यातलं. ‘ॲ’ हे ०९७२ नंबरचं एकच अक्षर आहे, आणि बरेच जण अ (०९०५) घेऊन त्यावर वेगळा चंद्र (०९४५) देतात. दोन्ही तुकडे दिसणारे असल्यामुळे एररमध्ये नंबर उमटत नाहीत. दोन्ही नावांना ॲस्की नावाचं फंक्शन लावून प्रिंट करा, ते प्रत्येक मराठी अक्षर नंबरात दाखवतं, फरक लगेच सापडेल. आणि एनएफसी इथे कामाचं नाही, ही दोन रूपं युनिकोड एक मानत नाही. ‘साफ’ मध्ये आणखी एक रिप्लेस घाला: ०९०५, ०९४५ च्या जागी ०९७२. ‘ऑ’ ला ही भानगड नको, असं वाटेल. तिथेही आ वर चंद्र देणारे आहेत (०९०६, ०९४५), त्यांचं ०९११ करून टाका. ‘ऑटो’ नावाच्या पार्ट्या तुमच्याकडे असणारच.

भाडेपावती

आहेत, आणि एक ‘ॲग्रो ऑटो’ पण आहे. लावते.