काळ्या-पांढऱ्या ॲबस्ट्रॅक्ट चित्रात खोली येत नाही, सगळं सपाट दिसतं

लातूरचा_पेनवाला
ए३ आयव्हरी शीटवर वर्तुळं, पट्टे, त्रिकोण असं काम चालू आहे. सगळीकडे ०.५ मिमीचा पेन, निम्मं काळं, निम्मं पांढरं. भिंतीला लावलं की सपाट दिसतं. करडा रंग वापरायचा नाही. डिजिटल प्रिंटमध्ये काळा मळकटही येतो. उपाय सांगा.

रेघोट्या_संभाजीनगर
निम्मं-निम्मं हेच दुखणं. दोन्ही तुल्यबळ झाले की पुढचं कोण, मागचं कोण हे नजरेला ठरवता येत नाही. साधारण ६० टक्के काळं, ३० टक्के रेघांचा करडा, १० टक्के कोरं ठेवा. ते कोरं सगळीकडे शिंपडू नका. नजर थांबवायची तिथंच, गर्द काळ्याला खेटून.

करडा रेघांतूनच येतो. ०.५ मिमी रेघेनंतर ०.५ मोकळं सोडलं की ५० टक्के, १.५ सोडलं की २५, ४.५ सोडलं की १०. गोलाई दाखवताना अंतर १, २, ३ असं वाढवू नका. आधी धक्का बसतो, पुढं फरकच कळत नाही. दर वेळी सव्वापट करा: १, १.२५, १.६, २, २.५, ३.१. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीच्या १९६१च्या ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ या चित्रामध्ये चौकोनांची उंची तीच राहते, फक्त रुंदी आक्रसते, तेवढ्यावर सपाट पृष्ठभाग आत वळतो.

टाक_आणि_शाई
पेनही बदला. पुढच्या आकाराला ०.८, मधल्याला ०.३, मागच्याला ०.१. पुढच्या आकाराभोवती एक-दीड मिमी कोरं सोडून मागच्या रेघा तोडा, आकार लगेच सुटतो. सगळ्यांनाच तसं केलं तर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसेल, म्हणून मागच्या काही कडा काळ्यात बुडू द्या. सरावाला वेरूळचं कैलास लेणं घ्या: ऊन तिरपं असताना खांबांच्या कडा उजळतात, कोनाडे काळे पडतात. तीनच छटांत, ३×४ सेंमीच्या चौकटीत उतरवा.

प्रीप्रेस_नांदेड
प्रिंटमध्ये मोठ्या काळ्या भागाला नुसता के १०० (फक्त काळी शाई, १०० टक्के) पुरत नाही. सी (निळसर) ६०, एम (किरमिजी) ४०, वाय (पिवळा) ४०, के १०० टक्के द्या. बारीक रेघा मात्र फक्त के १००मध्ये. नाहीतर रजिस्ट्रेशन (शायांची एकावर एक जुळणी) जरा हललं की रेघेला रंगीत झालर येते. मोबाइलचा फोटो नको, ६०० डीपीआयला स्कॅन करा. ए३चं ए५ केलं तर रेघेची जाडी निम्मी होते, ०.१ची रेघ तुटणारच.

लातूरचा_पेनवाला
आणि काळं भरताना मार्करचे पट्टे दिसतात, त्याचं काय?

टाक_आणि_शाई
मार्कर सोडा. वॉटरप्रूफ इंडियन इंक, ब्रशनं दोन हात. पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा आडवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये कड लगेच वाळते, तेव्हा भरताना पंखा बंद ठेवा.