विंडोज १२ येतंय म्हणे! थांबायचं की आत्ताच लॅपटॉप घ्यायचा?

खटाटोप्या
परत एकदा विंडोज १२ च्या अफवांना ऊत आलाय. ह्यावेळी ऐकतोय ते असं की सगळी सिस्टीम एआयभोवती बांधलेली असणार, ४० टॉप्सचा एनपीयू (प्रोसेसरमधला एआयची गणितं करणारा भाग, टॉप्स म्हणजे त्याच्या वेगाचं माप) नसेल तर अर्ध्या गोष्टी बंद, टास्कबार खालच्या कडेपासून सुटा होऊन तरंगणार, आणि काही फीचर्ससाठी दरमहा पैसे. लेकीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय म्हणून हे सगळं वाचत बसलो आणि माझं मत झालंय की थांबावं. २०२१ आठवा. जूनमध्ये विंडोज ११ जाहीर झालं आणि सोबत टीपीएम २.० ह्या सुरक्षा चिपची आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरची अट आली, म्हणजे ज्यांनी २०१७ मध्ये सातव्या पिढीचं चांगलं महागातलं मशीन घेतलं होतं ते जवळजवळ सगळे चार वर्षांत पंक्तीतून उठवले. आता तेच एनपीयूच्या नावाने होणार. आग असल्याशिवाय धूर निघत नाही.

पायरीवरचा
काका, धूर चुलीतूनपण निघतो, रोज निघतो.

जरा जुना हिशोब काढू. २०१५ ला मायक्रोसॉफ्ट कंपनीच्याच माणसाने कॉन्फरन्समध्ये सांगितलं की विंडोज १० हे शेवटचं विंडोज. अफवा नाही, घरचा माणूस! सहा वर्षांत ११ आलं. मध्ये १०एक्स नावाच्या हलक्या विंडोजचा गाजावाजा झाला, तेही २०२१ ला गुंडाळलं. ऑक्टोबर २०२२ ला कंपनीच्या इग्नाइट कॉन्फरन्समध्ये तरंगत्या टास्कबारचं चित्र ओझरतं दिसलं त्यावर लोकांनी अजून संसार मांडलाय. मग 'हडसन व्हॅली' ह्या सांकेतिक नावाचा जप करत २०२४ ला १२ येणार म्हणून छातीठोक सांगत होते, आलं काय तर ११ चंच २४एच२ हे वार्षिक अपडेट. आणि २५एच२ तर इतकं किरकोळ की २४एच२ वर एक छोटं पॅकेज, एक रिस्टार्ट, संपलं. कंपनीने १२ हा आकडा जाहीर केलेला नाही आणि आपण त्याच्या अटी मोजतोय. बाळाचा पत्ता नाही आणि बारशाला आमंत्रणं.

आंबटगोड
पायरीवरचा, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).
त्यात दरमहा पैशांची आवई तर कधीच निकालात निघालेली आहे. २०२३ मध्ये कुणाला तरी टेस्ट बिल्डच्या फाइल्समध्ये 'सबस्क्रिप्शन एडिशन' असे शब्द सापडले आणि लगेच बोंब, विंडोज भाड्याने मिळणार. नंतर कळलं की ते आयओटी एंटरप्राइजचं होतं, म्हणजे मशीनरीत, किऑस्कमध्ये वगैरे चालतं ते विंडोज. घरच्या पीसीशी काडीचा संबंध नाही. तरी दर सहा महिन्यांनी तीच जिलबी परत तळून येते.

अवांतर: ४० टॉप्स म्हटल्यावर आमच्या हिला कानातले वाटले. चेहरा खुलला होता हो एकदम.

खटाटोप्या
😂 वहिनींना नमस्कार सांगा.
पण तुम्ही दोघं नावाला धरून बसलाय. १२ म्हणा, ११ म्हणा, का बाळू म्हणा, मुद्दा तो नाहीच्चे. ४० टॉप्स ही अफवा राहिलीये का आता? मे २०२४ ला कोपायलट प्लस पीसी म्हणून कंपनीनेच जाहीर केलंय की सेकंदाला ४० लाख कोटी गणितं करणारा एनपीयू, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी पाहिजे, नाहीतर रिकॉल बिकॉल काही मिळणार नाही. म्हणजे एकाच विंडोजमध्ये दोन पंगती आत्ताच लागल्यात. नोव्हेंबर २०२५ ला विंडोजच्या साहेबांनी लिहिलं की विंडोज आता 'एजंटिक ओएस' होतंय, म्हणजे एआय आपल्या वतीने कामं करणार, खाली लोकांनी धू धू धुतलं ते वेगळं, पण दिशा तर कळली ना. मग आज साधं मशीन घेणं म्हणजे जाणूनबुजून दुसऱ्या पंगतीत बसणं.

मीनाक्षी_को
मी ऑफिसात हेच काम बघते म्हणून लिहिते. पहिल्या पंगतीत वाढतात काय ते आधी बघा की. रिकॉल म्हणजे स्क्रीनचे सतत फोटो काढून ठेवणार आणि नंतर तुम्ही शोधायचे. सुरुवातीच्या रूपात तो सगळा साठा साध्या डेटाबेस फाइलमध्ये होता, सुरक्षा तपासणाऱ्यांनी आठ पंधरा दिवसांत दाखवून दिलं की ती कशी उचलता येते. जून २०२४ ला यायचं होतं ते मागे घेतलं, मग एन्क्रिप्शन आलं, चेहरा नाहीतर बोट दाखवल्याशिवाय उघडत नाही असं केलं, स्वतःहून चालू केलं तरच चालू अशी सोय झाली आणि सगळ्यांसाठी यायला एप्रिल २०२५ उजाडलं. त्यामुळे पायरीवरचे दादा, 'अफवांकडे लक्षच देऊ नका' हेही मला पटत नाही. आरडाओरडा वेळेवर झाला म्हणूनच हे बदललं.

पायरीवरचा
ताई, रिकॉल कुठे अफवा होती? स्टेजवर उभं राहून जाहीर केलेली गोष्ट होती ती. तिच्यावर ओरडा ना, मीपण ओरडतो. पण कुठल्यातरी गळक्या स्क्रीनशॉटवर ओरडून घसा बसला की खऱ्या वेळी आवाज निघत नाही.

मीनाक्षी_को
जाहीर झाल्यावर ओरडलं की कंपनी म्हणते आता उशीर झाला. २०१२ ला विंडोज ८ मधलं स्टार्ट बटण गेलं तेव्हा लोक प्रिव्ह्यूपासून बोंबलत होते, ऐकलं का? बटण परत यायला २०१३ चं ८.१ लागलं, आणि खराखुरा स्टार्ट मेनू यायला विंडोज १०. म्हणून म्हणते, आधीपासून बोललेलं बरं.

पायरीवरचा
म्हणजे आधीपासून बोंबलूनही ऐकलं नाही. हे माझ्या बाजूचं झालं ना 😀

पत्रिकावाला
मंडळी माझं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, अहवाल. एक मशीन विंडोज ७ वर, दोन १० वर. श्रीलिपीचे मराठी फॉण्ट आणि पानं जुळवायचं पेजमेकर ह्यावर माझं पोट चालतं, टॉप्स आणि टिप्स मला कळत नाही. पण मध्ये ऐकलं की नवीन विंडोज हलकं करणार आणि जुनी सॉफ्टवेअरं त्यात चालणारच नाहीत, ते खरंय का? कारण वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली त्या फॉण्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये घ्यायच्या तर जोडाक्षरं तपासत बसायला माणूस कुठून आणू? ऐन सीझन आहे.

मीनाक्षी_को
पत्रिकावाले भाऊ, ते 'कोअरपीसी'चं प्रकरण. २०२३ ची बातमी होती की सिस्टीमचे सुटे तुकडे करणार, शाळांसाठी एक हलकं विंडोज ज्यात फक्त ब्राउझर आणि ऑफिस, आणि जुनी सॉफ्टवेअरं चालवणारं पूर्ण विंडोज वेगळं. म्हणजे त्या अफवेतसुद्धा तुमचं पोट शाबूत होतं. तुमचा खरा प्रश्न आजचा आहे. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, सिक्युरिटी अपडेट घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, ते केलंय का? आणि ७ वाल्या मशीनची नेटची वायर आजच काढा. फाइली पेनड्राइव्हने न्या, तोही आधी स्कॅन करून.

आंबटगोड
हे सोन्यासारखं बोललात. बाकी काका, थांबायचं असेल तर थांबा पण रॅमचे भाव बघितले का? एआयच्या डेटा सेंटरांनी सगळी मेमरी ओढून नेलीये, उद्या तेच १६ जीबीचं मशीन आणखी महाग झालं तर विंडोज १२ काय कपाळाला लावणार?

खटाटोप्या
हां, हा मुद्दा मात्र खिशाला लागला. ठीक आहे, लेकीचं घेऊन टाकतो ह्या महिन्यात. पण एनपीयूवालंच घेणार, त्यामुळे मी हरलो असं कुणी समजू नये.

पायरीवरचा
तो एनपीयू वापरणार कशाला ते पण सांगा.

खटाटोप्या
ते १२ आल्यावर सांगतो.

पत्रिकावाला
ताई वायर काढली. ७ च्या जागी नवीन मशीन घेतलं तर ११ वर पेजमेकर चालेल ना, तेवढं सांगा.