मदत हवी आहे: बीओटी-२ (मुलांच्या हालचालींच्या कौशल्यांची टेस्ट) मराठीतून घेतल्यावर स्कोअर कसा रिपोर्ट करायचा?

नमस्कार मंडळी, एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या मास्टर्सच्या) डिझर्टेशनसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि शेजारच्या ज्युनियर कॉलेजात ८ ते १७ वयाच्या मुलांची मोटर टेस्टिंग करतेय. एमएबीसी-२ ही तशीच दुसरी टेस्ट १६ वर्षांच्या मुलांपर्यंतच चालते म्हणून बीओटी-२ घेतली, ती ४ ते २१ साठी आहे. कंप्लीट फॉर्ममध्ये ५३ आयटम, त्याला तासभर जातो आणि शाळा एकच तास देते, त्यामुळे १४ आयटमचा शॉर्ट फॉर्म. किट कॉलेजचं ओरिजिनल आहे, झेरॉक्स नाही (हे कुणीतरी विचारणारच!).

अडचण अशी की सूचना मराठीतून द्याव्या लागतात. नाणी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन डब्यात टाकायची, वेळ १५ सेकंद, तर पोरं घाईघाईत दोन-दोन उचलतात, मग "एका वेळी एकच" असं मध्येच ओरडावं लागतं, पण मॅन्युअलमध्ये नाही ते बोललं की स्टँडर्डायझेशन (सगळ्यांची टेस्ट अगदी एकसारखी घेणं) गेलंच ना? सूचनांचं फॉरवर्ड-बॅक ट्रान्सलेशन (मराठीत आणि परत इंग्रजीत) करून झालंय, पायलटही झालाय. तरी नॉर्म्स (ज्यांच्याशी स्कोअर ताडून बघायचा ते वयानुसारचे आकडे) अमेरिकन मुलांचेच. गाइड म्हणतात त्या नॉर्म्सवरून काढलेले स्टँडर्ड स्कोअर आणि पर्सेंटाइल द्या, स्टॅटिस्टिक्सवाले सर म्हणतात फक्त पॉइंट स्कोअर (नॉर्म्सशी न ताडलेले गुण) वापरा आणि वयोगटांची आपसात तुलना करा. मला सरांचं जास्त पटतंय, पण सही गाइडची लागते 😅

दुसरी टेस्ट सुचवू नका प्लीज, एथिक्सची परवानगी याच टेस्टची आहे. ज्यांनी आपल्याकडच्या मुलांवर बीओटी-२ घेतलीय त्यांनी शेवटी कोणता स्कोअर दिला, आणि एक्स्टर्नल परीक्षकांनी तो चालवून घेतला का?