गाडीच्या विम्यात लायबिलिटी किती घ्यावी? 30/60/15 पुरे की 250/500?

कृष्णाकाठ
कॅलिफोर्नियात राहतो. दोन गाड्या, घराचं कर्ज चालू, आणि मुलगा सोळाचा झालाय, लायसन्सची परीक्षा तोंडावर आहे. विमा रिन्यू करायला बसलो तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा पॉलिसीचं पहिलं पान नीट वाचलं. लायबिलिटीसमोर 30/60/15. म्हणजे माझ्या चुकीने कुणाला लागलं, तर कंपनी एका माणसामागे जास्तीत जास्त 30 हजार डॉलर देणार, अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून 60 हजार, आणि दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीला 15 हजार. हे राज्याचं किमान आहे. 2024 संपेपर्यंत तर ते 15/30/5 होतं, 1967 पासून तेच. 1 जानेवारी 2025 ला कायदा बदलला म्हणून माझा आकडा वाढला, मी स्वतः काहीच केलं नव्हतं.

मला हे फार तोकडं वाटतं. सिग्नलला माझ्या पुढे उभी असलेली गाडी सहज 50 हजारांची असते. 250/500/100 चा भाव विचारला, दोन्ही गाड्यांचे मिळून सहा महिन्यांना 170 डॉलर जास्त पडतात. मी घ्यायच्या विचारात आहे. बायकोचं म्हणणं, तेच पैसे मुलाच्या ड्रायव्हिंगच्या जादा तासांना घाल, अपघातच होणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

सरळमार्गी
वहिनींशी सहमत. मी टेक्सासात आहे, वीस वर्षं गाडी चालवतोय, एकही क्लेम नाही. पहिल्या दिवसापासून राज्याचं किमान, इथे आता 30/60/25.

जखमी माणसाचा वकील सगळ्यात आधी तुमची मर्यादा विचारतो. 30 असली आणि तुमच्याकडून वसूल करण्यासारखं काही नसलं, तर 30 घेऊन मिटवतो. 250 दिसले की साधी मानदुखीही महाग होते. आणि कोर्टात हरलो तरी लोकांना वाटतं तेवढं काही कुणी नेत नाही. 401के हे निवृत्तीचं खातं केंद्राच्या कायद्याने सुरक्षित आहे. टेक्सासात असल्या निकालासाठी पगारावर जप्ती येत नाही आणि राहतं घरही विकायला लावत नाहीत. माझ्याकडे जे आहे ते कायदाच राखतोय, तर कंपनीला पैसे कशासाठी देऊ?

तगर
सरळमार्गी, वीस वर्षं क्लेम नाही हे मीही म्हणत होते. मग एका पावसाळी संध्याकाळी फ्रीवेवरून उतरताना पुढची गाडी थांबलेली मला अर्धा सेकंद उशिरा दिसली. आवाज फार मोठा नव्हता. माझं बॉनेट चेपलं, त्यांचा बंपर आत गेला. बाई खाली उतरल्या, मानेवर हात धरून उभ्या राहिल्या, मला म्हणाल्या, "मी ठीक आहे." मी त्यांना माझी छत्री दिली. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

पाच महिन्यांनी माझ्याच विमा कंपनीचं रजिस्टर्ड पत्र आलं. मजकूर असा, की समोरच्यांचा दावा तुमच्या मर्यादेच्या वर जाण्याची शक्यता आहे, वरची रक्कम तुमची स्वतःची जबाबदारी असेल, हवं तर स्वखर्चाने वेगळा वकील नेमा. त्या बाईंच्या मानेचं ऑपरेशन झालं होतं. शेवटी प्रकरण मर्यादेतच मिटलं, पण मधले आठ महिने मी टपालाची पेटी उघडायला घाबरत होते.

आणि मला पत्रापेक्षा जास्त लागलं ते हे, की त्या बाईंना माझ्यामुळे दुखापत झाली आणि त्यांना मिळणारा पैसा मी किती घ्यायचा ठरवला होता त्यावर अडला होता. तुमचं घर, तुमचं खातं कायदा राखेल. त्यांची मान कोण भरून देणार?

शिदोरी
टेक्सासचा कायदा कृष्णाकाठांना लागू नाही. कॅलिफोर्नियात पगाराच्या हातात येणाऱ्या रकमेतून 20 टक्क्यांपर्यंत कापता येतात. निकाल 10 वर्षं टिकतो, मुदत संपण्याआधी पुन्हा वाढवून घेता येतो. त्यावर व्याज वर्षाला 10 टक्के. मर्यादेच्या वर 2 लाखांचा निकाल लागला तर नुसतं व्याज वर्षाला 20 हजार. पगारातून जे जाईल ते बरेचदा व्याजातच जिरेल, मुद्दल जिथल्या तिथे.

वकिलाचं म्हणाल तर मर्यादा मोठी असली की ती रक्कम कंपनीच्या खिशातली असते, त्यामुळे लढायला कंपनीचा वकीलही जोर लावतो आणि त्याची फी तुमच्या मर्यादेतून जात नाही. 30 हजारांच्या पॉलिसीत कंपनी 30 हजार देऊन मोकळी व्हायला बघते, उरलेलं तुम्ही बघा.

शिवाय मुलगा. अल्पवयीन मुलाच्या लायसन्सच्या अर्जावर आईवडील सही करतात तेव्हा त्याच्या चुकांची जबाबदारी कायद्याने काही मर्यादेपर्यंत त्यांच्यावर येते. वहिनींनी सुचवलेले तास जरूर घ्या. ते 170 च्या बदल्यात घेऊ नका, वरून घ्या.

मुक्कामपोस्ट
सगळे दुसऱ्याला द्यायच्या पैशांवर बोलताय. स्वतःच्या माणसांचं बघा जरा.

समोरचा विनाविमा असेल किंवा त्याचा विमा अपुरा असेल, तर आपल्याच पॉलिसीतलं यूएम (समोरचा विनाविमा असेल तेव्हा) किंवा यूआयएम (त्याचा विमा अपुरा पडेल तेव्हा) आपल्या दुखापतीचे पैसे देतं. बहुतेक ठिकाणी ते तुमच्या लायबिलिटीपेक्षा जास्त घेऊ देत नाहीत. लायबिलिटी 30/60 ठेवली की हेही 30/60 वर अडकलं. कॅलिफोर्नियात तर अपुऱ्या विम्याच्या बाबतीत वजाबाकी असते: तुमच्या मर्यादेतून समोरच्याची मर्यादा वजा करून उरेल तेवढंच मिळतं. तुमची 30, त्याची 30, उत्तर शून्य. हप्ता भरून शून्य. तुमची 250 असेल तर 220 पर्यंत वाव राहतो. कृष्णाकाठ, गाडीत शेजारी कोण बसतं ते आठवा आणि मग ठरवा.

सरळमार्गी
हा मुद्दा मान्य, यूआयएमचा मी विचार केला नव्हता. मात्र टेक्सासात अशी वजाबाकी नाही, समोरच्याचा विमा संपला की आपलं सुरू होतं. तगर, तुमचं वाचून वाईट वाटलं, खरंच. तरीही माझं म्हणणं कायम आहे. किमान किती असावं हे राज्य ठरवतं. ते जखमी माणसाला पुरत नसेल तर ते वाढवायची जबाबदारी राज्याची. ज्याच्या खात्यात महिन्याअखेर काही उरत नाही, त्याला 250 घे म्हणणं मला पटत नाही.

नवाविद्यार्थी
तोच मी. एमएसचं दुसरं सेमिस्टर, 3 हजारांत घेतलेली जुनी गाडी. किमान लायबिलिटी आणि कोलिजन घेतलंय. हप्ता आत्ताच जड जातोय.

शिदोरी
नवाविद्यार्थी, तुम्ही उलट करताय. कोलिजन म्हणजे आपल्या चुकीने आपल्याच गाडीचं झालेलं नुकसान. डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून सोसायची रक्कम, 1 हजार असेल तर गाडी पूर्ण गेली तरी हातात 2 हजार येणार. कर्जावर नसेल तर ते काढून टाका आणि वाचलेल्या हप्त्यात 100/300 चा भाव मागा. गाडी गेली तर बसने जाता येईल.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. मुक्कामपोस्टची वजाबाकी बायकोला वाचून दाखवली. ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, यूआयएम आत्ता किती आहे बघ. बघितलं, 30/60 च. दोन्ही गाड्यांना 250/500/100 आणि यूआयएमही 250/500 करतोय. डिडक्टिबल 500 वरून 1 हजार केलं, त्यात काही भार हलका झाला. ड्रायव्हिंगच्या तासांचे पैसेही तिने आजच भरले.

10 लाखांच्या अंब्रेलाचीही, म्हणजे गाडीच्या लायबिलिटीच्या वर लागू होणाऱ्या जादा पॉलिसीचीही, चौकशी केली. खाली 250/500 असल्याशिवाय देणार नाही म्हणाले, ती अट आता पुरी होईल. मुलाचं नाव पॉलिसीवर चढल्यावर अंब्रेलाचा भाव किती होतो ते कळलं की इथे लिहितो.