पाडाव झाला की पाडाव करून नेलं? (यहूदाचे शेवटचे राजे)

मराठी बायबलमधलं '२ राजे' हे पुस्तक वाचतोय, यहूदा राज्याच्या शेवटापर्यंत आलोय. शेवटी शेवटी सारखं 'पाडाव करून बाबेलास (बॅबिलोनला) नेलं' असं येतं. मला पाडाव म्हणजे पराभव एवढंच माहितीये, क्रिकेटच्या बातमीत असतं तसं. मग पराभव करून नेलं म्हणजे काय? आणि यहोयाकीम, यहोयाखीन हे यहूदाचे राजे म्हणजे एकच माणूस का? मला आधी छपाईची चूक वाटली.

» दोघं वेगळे, बापलेक आहेत. पाडाव म्हणजे धरलेला, हाती लागलेला, माणूस असो की गलबत. बखरींत 'पाडाव करून आणिले' असतं ना, तोच हा. पराभव हा अर्थ आता वरचढ झालाय म्हणून अडखळायला होतं.

» इथे दोन्ही अर्थ लागतात आणि तेही वेगवेगळ्या वर्षी, म्हणून जरा लांबण लावतो. योशीया राजा इ.स.पू. ६०९ ला मगिद्दोला मिसरच्या (इजिप्तच्या) राजाकडून, फारो नखोकडून मारला गेला, तिथून पुढे २३ वर्षांत चार राजे, तीन त्याचे मुलगे आणि एक नातू, आणि एकही खऱ्या अर्थाने स्वतंत्र नाही. यहोआहाज तीन महिने टिकला, नखोने त्याला मिसरला नेलं. त्याच्या जागी भाऊ एल्याकीम बसवला आणि नाव बदलून यहोयाकीम केलं, शंभर किक्कार (हे जुनं वजनाचं माप) चांदी आणि एक किक्कार सोनं खंडणी लावली, ती यानं लोकांकडूनच वसूल केली. हा भलताच उर्मट. यिर्मया संदेष्ट्याची गुंडाळी वाचून दाखवत होते तर तीन-चार रकाने झाले की चाकूने कापायचा आणि समोरच्या शेगडीत टाकायचा, अख्खी जाळली. पुढे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचा मांडलिक झाला, तीन वर्षांनी फिरला, आणि बाबेलचं सैन्य आलं तेव्हा निस्तरायला गादीवर त्याचा १८ वर्षांचा मुलगा यहोयाखीन. त्याने इ.स.पू. ५९७ ला शरणागती पत्करली. तो, त्याची आई, सरदार, कारागीर, लोहार सगळे पाडाव. पण राजधानी यरुशलेम शहर उभंच होतं!

» म्हणजे ५९७ ला माणसं पाडाव, ५८६ ला शहराचा पाडाव. मस्त.

» हो. मधली अकरा वर्षं सिद्कीया, म्हणजे यहोयाखीनचा काका. मूळ नाव मत्तन्या, हेही बाबेलच्या राजाने बदललेलं. राजाचं नावच वरचा धनी ठरवतो, मांडलिक शब्दाला याहून चांगलं उदाहरण नाही. तोही फिरला, मग वेढा, उपासमार, तटाला खिंडार. रात्रीतून पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला. रिब्ला इथे त्याच्या डोळ्यांदेखत मुलं मारली आणि मग डोळे काढले. 'डोळ्यांदेखत' आपण किती सहज वापरतो. महिन्याभराने मंदिर जाळलं. (काही जण ५८६ ऐवजी ५८७ धरतात, त्यावरून भांडू नका.)

» यहोयाखीनला यकन्या आणि कोन्याही म्हणतात, गोंधळात भर.

» आपल्याकडचा एक धागा म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोकांत ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला, मंदिर पडल्याच्या उपासाला, 'बिरड्याचा सण' म्हणायचे. वालाच्या बिरड्यावरून.

» भारी! सण आणि तोही दुखवट्याचा. तर 'शेवटचा राजा' कोणाला म्हणायचं, सिद्कीयालाच ना?

» गादीवरचा शेवटचा तोच. नंतरचा गदल्या नुसता नेमलेला अधिकारी, त्यालाही आपल्यातल्याच एकाने मारलं. पण बाबेलमध्ये मातीच्या पाट्या मिळाल्यात, शिधावाटपाच्या. त्यात यहोयाखीनला आणि त्याच्या पाच मुलांना तेल दिल्याची नोंद आहे आणि 'यहूदाचा राजा' असंच लिहिलंय. म्हणजे कारकुनांच्या लेखी पाडाव माणूसही राजाच. पदच्युत म्हणायचं तर मला सिद्कीया जास्त पटतो.