मदत हवी आहे : लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांचा क्रम

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा बेलबाग चौक ते अलका चौक हा पट्टा, १९६० ते १९८० या काळातल्या दुकानांसकट कागदावर मांडतो आहोत. कुंटे चौक ते विजय टॉकीज या भागात कागदावर फार गाळे रिकामे राहिलेत. साड्या, सराफी, भांडी, शिवणाचं सामान, काहीही आठवत असेल तर कळवा.

नुसतं ‘कोपऱ्यावर होतं’ म्हटलं की घोळ होतो, कारण दर चौकाला चार कोपरे. अलका चौकाकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावीकडे की उजवीकडे, शेजारी कोण, तळमजला की माडी, एवढं हवं. साल आठवत नसेल तर पानशेतच्या पुराआधी (१२ जुलै १९६१) की नंतर, आणीबाणीआधी की नंतर, एवढंही चालेल.

जुनी बिलं, साडीचे खोके, कापडी पिशव्या असतील तर पत्त्याचा फोटो जरूर पाठवा. सहा आकडी पिनकोड असेल तर ते बिल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. नुसतं ‘पुणे ३०’ असेल तर बहुधा आधीचं, पण बिलांची जुनी छापील पुस्तकं संपेपर्यंत वापरत, म्हणून हाती लिहिलेली तारीखही दिसू द्या.

विसर्जन मिरवणुकीचे फोटो तर सोनंच! मिरवणूक अलकाकडे जाते, त्यामुळे गणपती समोरून दिसत असेल तर फोटोची डावी बाजू उत्तरेची. निगेटिव्ह उलटी छापलेली नाही ना, हे पाट्यांच्या अक्षरांवरून आधी तपासा.

गोखले हॉलच्या समोरच्या बाजूची दुकानं ओळीने कुणाला सांगता येतील का?